अखबाराचा उस्ताद आणि किल्ल्यातले कागद

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. पहिला संपादक बहुधा मास्तर असतो. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये शिकवीत होते. टिळक-आगरकरांनी आधी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि मग १८८१ साली 'केसरी'. आमच्या नगरात तर १८४२ सालीच अमेरिकन मिशनच्या लोकांनी 'ज्ञानोदय' सुरू केले, आणि त्यांचे मुख्य काम शाळा चालवणे हेच होते. पुढे १९१० साली नेवासे तालुक्यातील तरवडीच्या मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' हाती घेतला. त्यांच्या हातात खडू नव्हता, पण पत्राची धाटणी शेतकऱ्याला शिकवण्याचीच होती. वर्ग आणि वर्तमानपत्र ही एकाच घराची दोन दारे आहेत असे त्या काळच्या माणसांना वाटत असावे.

उर्दूतही असेच घडले. फरक इतकाच की, उर्दू अखबारनवीसीचा जो सर्वात मोठा उस्ताद होऊन गेला, तो कधी कोणत्याही शाळेत विद्यार्थी म्हणून बसला नाही आणि शेवटी देशाचा पहिला शिक्षणमंत्री झाला. त्याच्या आयुष्यातली अडीच वर्षांहून अधिक मुदत आमच्या अहमदनगरच्या किल्ल्यात गेली. शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. किल्ला आहे तिथेच आहे. मौलाना अबुल कलाम आझाद यांच्याविषयी मराठीत जे लिहिले जाते ते प्रामुख्याने काँग्रेसचे अध्यक्ष, फाळणीचे विरोधक, राष्ट्रीय मुसलमान या अंगाने. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे आमची नजर दुसरीकडे जाते. मौलाना अखबार कसा काढायला शिकले, त्यांनी इतरांना तो कसा शिकवला, आणि त्यांच्या कागदांचे काय झाले, एवढेच या लेखात पाहायचे आहे.

मौलानांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्केत झाला. वडील मौलाना खैरुद्दीन हे नामांकित पीर. त्यांच्यासोबत लहानपणीच कुटुंब कलकत्त्याला आले. वडिलांना इंग्रजी शिक्षण तर नकोच होते, पण मदरशावरही त्यांचा विश्वास नव्हता. मुलाला घरातच अरबी, फारसी, तर्कशास्त्र, गणित शिकवले गेले. हा मुलगा अकरा-बारा वर्षांचा असताना 'नैरंगे आलम' नावाचे शायरीचे मासिक काढू लागला. पुढे 'अल-मिस्बाह' आले, आणि नोव्हेंबर १९०३ मध्ये 'लिसानुस्सिदक'. तेव्हा संपादकाचे वय होते पंधरा वर्षे. आमच्या शाळेतील नववीचा मुलगा.

'लिसानुस्सिदक'ने आपली उद्दिष्टे स्पष्ट शब्दांत मांडली होती. समाजसुधारणा, उर्दूची प्रगती, बंगालमध्ये वाङ्मयाची आवड पसरवणे आणि पुस्तकांची निःपक्षपाती समीक्षा. सर सय्यद अहमद खान यांच्या लेखनाचा प्रभाव तेव्हा मौलानांवर होता आणि भाषाही सर सय्यदांसारखी साधी होती. हे मासिक वाचून लोकांना वाटे की संपादक कोणी पन्नाशीचा आलिम असावा. मुंबईत शिबली नोमानींची आणि मौलानांची भेट झाली, तेव्हा शिबलींनी समोरच्या पोराला अबुल कलामांचा मुलगा समजले, असा किस्सा प्रसिद्ध आहे. गैरसमज दूर झाल्यावर शिबलींनी त्यांना लखनौला 'अन्-नदवा'च्या कामासाठी बोलावून घेतले. १९०५-०६ मध्ये काही महिने ते तिथे होते, नंतर अमृतसरच्या 'वकील'मध्ये. म्हणजे स्वतःचा मोठा अखबार काढण्यापूर्वी मौलानांनी दुसऱ्यांच्या हाताखाली उमेदवारी केली होती. आजकाल ही पायरी गाळण्याकडे कल आहे.

१३ जुलै १९१२ रोजी कलकत्त्याहून 'अल-हिलाल' हे साप्ताहिक निघाले. संपादक तेवीस वर्षांचे. 'अल-हिलाल'च्या विचारांबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला इथे त्याच्या कारागिरीबद्दल बोलायचे आहे. त्या काळी उर्दू अखबार शिळाछापावर निघत. कातिब खास शाईने कागदावर मजकूर लिहायचा, तो दगडावर उतरवायचा आणि मग छपाई. कातिब आजारी पडला की अखबार आजारी. छायाचित्र छापणे तर जवळजवळ अशक्य. मौलानांनी टाइपची छपाई निवडली आणि इजिप्त-तुर्कस्तानच्या नियतकालिकांसारखे सचित्र साप्ताहिक काढले. नस्तालीकची सवय असलेल्या उर्दू वाचकाच्या डोळ्यांना टाइप खुपतो, हे त्यांना माहीत नसेल असे नाही. तरी त्यांनी तो धोका पत्करला. ट्रिपोलीच्या आणि बाल्कनच्या युद्धाच्या बातम्या चित्रांसह घरी येऊ लागल्या.

सदरांची नावे पाहा. 'शज़रात' म्हणजे छोटी संपादकीय टिपणे. 'मुज़ाकरा-ए-इल्मिया' म्हणजे ज्ञानचर्चा. 'बरीदे फिरंग' म्हणजे युरोपची डाक. शिवाय 'मुरासलात', वाचकांची पत्रे. अंकाची अशी मांडणी, प्रत्येक गोष्टीला ठरलेली जागा, ही उर्दू साप्ताहिकाला नवी होती. नंतरच्या कितीतरी उर्दू नियतकालिकांनी 'शज़रात' हे नाव जसेच्या तसे उचलले. मौलानांच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या तीन महिन्यांतच मागील सर्व अंक पुन्हा छापावे लागले, कारण प्रत्येक नव्या वर्गणीदाराला पहिल्यापासूनचा संच हवा होता. दोन वर्षांत खप आठवड्याला २६,००० प्रतींपर्यंत गेला असेही त्यांनी नोंदवले आहे. एक प्रत मोहल्ल्यात दहा जण ऐकत हे लक्षात घेतले तर हा आकडा लहान नाही.

एक कमतरताही सांगितली पाहिजे. 'अल-हिलाल'ची भाषा अवघड होती. अरबी-फारसी शब्दांचा असा भडिमार की सामान्य दुकानदाराला पहिला परिच्छेद पार करताना घाम फुटावा. 'लिसानुस्सिदक'मधील सोपेपणा मौलानांनी जाणूनबुजून सोडला. त्यात वक्तृत्वाची धुंदी होती, आणि ती धुंदी लोकांना चढलीही. पण शिक्षक म्हणून आम्हाला वाटते की ज्या कौमला जागे करायचे तिच्यापैकी निम्म्याहून अधिक लोकांना अक्षरओळख नव्हती, तिथे ही भाषा म्हणजे उंच मिंबरवरून दिलेला खुत्बा होता. मुकुंदराव पाटलांचा 'दीनमित्र' खेड्यातल्या बोलीत बोलत होता. तो वाचकाच्या ओसरीवर जाऊन बसायचा. दोन्ही पत्रे एकाच काळातली आहेत, म्हणून ही तुलना सुचली.

आता उस्तादीकडे येऊ. 'अल-हिलाल'चे कार्यालय म्हणजे एक वर्गच होता. सय्यद सुलेमान नदवी, अब्दुस्सलाम नदवी, अब्दुल्ला इमादी असे तरुण आलिम तिथे काम करीत होते. परदेशी अरबी पत्रांतून बातम्या निवडणे, तर्जुमा करणे, टिपणे लिहिणे, मुद्रिते तपासणे. लेखांवर बहुधा नावे नसत. सारा अंक एकाच आवाजात बोलावा हा आग्रह. यातूनच एक वाद उभा राहिला. ऑगस्ट १९१३ मध्ये कानपूरच्या मछली बाजार मशिदीच्या प्रकरणात पोलिसांनी गोळीबार केला. त्यावर 'अल-हिलाल'मध्ये 'मशहदे अकबर' नावाचा गाजलेला लेख आला. वर्षानुवर्षे तो मौलानांचा समजला गेला. पुढे तो सुलेमान नदवींच्या लेखणीतून उतरला असे पुढे आले आणि अभ्यासकांमध्ये चर्चा रंगली. शैली इतकी मिसळून गेली होती की, नुसते वाचून निवाडा करणे कठीण. मूळ हस्तलिखित हाती असते तर एका मिनिटात प्रश्न मिटला असता. कार्यालयाचे कागद जपून ठेवणे म्हणजे काय, हे या एका उदाहरणावरून समजावे.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. 'अल-हिलाल' सोडल्यानंतर हेच सुलेमान नदवी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात फारसीचे अध्यापक म्हणून आले. नोव्हेंबर १९१४ मध्ये शिबलींचे निधन झाले आणि उस्तादांचे अपुरे काम पुरे करण्यासाठी ते आजमगढला गेले. तिथून १९१६ साली त्यांनी 'मआरिफ' हे मासिक सुरू केले. कलकत्त्याच्या छापखान्यात शिकलेला माणूस पुण्यात शिकवतो आणि पुन्हा नियतकालिकाकडे वळतो. वर तरवडी आणि पुण्याचा उल्लेख आम्ही उगाच केलेला नाही.

दुसरे शागिर्द अब्दुर्रज्जाक मलिहाबादी. १९२१ मध्ये मौलानांनी काढलेल्या 'पैगाम'मध्ये, नंतरच्या अरबी 'अल-जामिआ'मध्ये आणि १९२७ साली काही महिने पुन्हा निघालेल्या 'अल-हिलाल'मध्ये ते सोबत होते. स्वातंत्र्यानंतर सांस्कृतिक संबंध परिषदेचे 'सकाफतुल हिंद' हे अरबी त्रैमासिक निघाले, त्याचे संपादन मौलानांनी त्यांच्याकडेच सोपवले. तुरुंगात असताना मौलानांनी आपली सुरुवातीची कहाणी मलिहाबादींना सांगितली आणि त्यांनी ती लिहून घेतली. मौलानांच्या बालपणाबद्दल आज जे माहीत आहे त्यातला मोठा भाग या वहीतून आला आहे. त्यातील काही हकिकतींवर संशोधकांनी शंका घेतल्या आहेत आणि त्या घ्यायलाच हव्यात. पण शागिर्दाने कागद सांभाळला नसता तर शंका घेण्यापुरतेही काही उरले नसते.

'अल-हिलाल'चा शेवट ठरलेलाच होता. १९१० च्या प्रेस कायद्याखाली १९१३ मध्ये २,००० रुपयांचा जामीन मागण्यात आला. तो जप्त झाला, मग १०,००० ची मागणी आली, आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये अखबार बंद पडला. नोव्हेंबर १९१५ मध्ये मौलानांनी 'अल-बलाग' काढला. त्याच सुमारास कलकत्त्यात 'दारुल इर्शाद' नावाचे विद्यालयही उघडले. मार्च १९१६ मध्ये बंगालमधून हद्दपारीचा हुकूम आला. पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत, मुंबई या इलाख्यांची दारे आधीच बंद होती. उरला बिहार. मौलाना रांचीला गेले आणि काही महिन्यांतच तिथे नजरकैदेत अडकले. सुटका व्हायला १९१९ संपावे लागले. या नजरकैदेत त्यांनी काय केले? १९१७ साली रांचीत मदरसा उभा केला. अखबार हिसकावून घेतला तर माणूस शाळा काढतो.

या ठिकाणी कागदांची खरी कहाणी सुरू होते, आणि ती वाचवत नाही. मौलाना कुरआनच्या तर्जुम्याचे व भाष्याचे काम करीत होते. रांचीत झडती झाली, पोलिसांनी हस्तलिखिते उचलून नेली. मौलानांनी पुन्हा लिहायला घेतले आणि तर्जुमा पूर्णत्वास नेला. छपाईची तयारी सुरू झाली, कातिबाने लिहायला घेतले. डिसेंबर १९२१ मध्ये असहकाराच्या आंदोलनात अटक झाली. पुन्हा झडती, पुन्हा जप्ती. कातिबाने उतरवलेली पानेसुद्धा गेली. सुटकेनंतर बऱ्याच लिखापढीनंतर कागद परत मिळाले तेव्हा ते पुस्तक राहिलेच नव्हते. फाटलेली, मिसळलेली, अर्धवट पाने. 'तर्जुमानुल कुरआन'च्या प्रस्तावनेत मौलानांनी ही हकिकत स्वतः सांगितली आहे. कित्येक वर्षे त्यांना त्या कामाकडे वळण्याची हिंमत झाली नाही. १९२७ मध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पहिला खंड १९३१ साली बाहेर आला. एकच पुस्तक एका माणसाला तीनदा लिहावे लागले.

इथे थोडे विषयांतर करतो. पत्रकारिता विद्यापीठात शिकवावी ही कल्पना आपल्या देशात रुजायला वेळ लागला. १९४१ साली लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंग यांनी वर्ग सुरू केले. आपल्याकडे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२-५३ मध्ये अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वोल्सली फुलब्राइट योजनेतून आले आणि त्यांनी पत्रकारिता विभागाची उभारणी केली. भारतीय वृत्तपत्रसृष्टीवर एक पुस्तकही त्यांनी इथल्या पत्रकारांकडून लेख घेऊन संपादित केले. वोल्सली यांचे खासगी कागद त्यांच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेले आहेत. शिक्षकाची टिपणे, पत्रव्यवहार या गोष्टी विद्यापीठ सांभाळून ठेवते, ही रीत आम्हाला हेवा वाटावा अशी आहे. 'अल-हिलाल'च्या कार्यालयातील टिपणे, दुरुस्त केलेली मुद्रिते, वाचकांची मूळ पत्रे अशा रीतीने कोणी डब्यात भरून, यादी करून ठेवली असती तर? पण ज्या घरावर वारंवार झडत्या पडतात तिथे कागद जमतच नाही.

आता नगरकडे येऊ. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि ९ तारखेच्या पहाटे धरपकड. मौलाना तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. खास आगगाडीने नेत्यांना हलवण्यात आले. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेले आणि कार्यकारिणीचे सदस्य अहमदनगरला आले. नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आसफ अली, डॉ. सय्यद महमूद, पट्टाभी सीतारामय्या, हरेकृष्ण मेहताब, आपले शंकरराव देव. या किल्ल्यात माणसे नुसती बसून राहिली नाहीत. नेहरूंनी १९४४ मध्ये 'भारताचा शोध' इथेच लिहिले आणि ते आपल्या सहबंद्यांना अर्पण केले. सीतारामय्यांनी रोजनिशी ठेवली. एका बराकीत इतकी ग्रंथनिर्मिती झाल्याचे उदाहरण विरळाच.

मौलानांनी पत्रे लिहिली. अलिगढजवळच्या भिकमपूरचे रईस, हैदराबाद संस्थानात मोठे पद भूषवलेले नवाब सदर यार जंग मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी हे त्यांचे जुने स्नेही. वयाने वीसेक वर्षांनी मोठे, राजकारणापासून दूर, ग्रंथांचे वेडे. पहाटे तीन-चारला उठायचे, स्वतःच्या हाताने बिनदुधाचा चिनी चहा करायचा आणि शेरवानींना पत्र लिहायला बसायचे. पत्र पाठवायची परवानगी नव्हती. सुरुवातीला तर वर्तमानपत्रेसुद्धा आत येत नव्हती. ज्या माणसाने पंचवीस हजारांवर वाचकांना दर आठवड्याला जगाची बातमी दिली, त्याला बाहेर काय चालले आहे हे कळू नये आणि लिहिलेले वाचायला एकही वाचक नसावा! तरी लेखन चालू राहिले. किल्ल्यातले पहिले पत्र १० ऑगस्ट १९४२ चे. पत्रे फाइलीत साचत गेली आणि १९४६ साली त्यांचे सचिव अजमल खान यांनी 'गुबारे खातिर' या नावाने ती प्रसिद्ध केली. नावही उसने घेतलेले. मीर अजमतुल्ला बेखबर बिलग्रामी यांच्या एका पुस्तिकेचे. पुढे मालिक राम यांनी टिपा देऊन संपादित केलेली आवृत्ती साहित्य अकादमीने काढली; संदर्भ कसे शोधावेत याचा तो नमुनाच आहे.

काही समीक्षक म्हणतात, ही पत्रे नव्हेतच; पत्राच्या वेषातील निबंध आहेत. म्हणू देत. आम्हाला त्यात जुना संपादक दिसतो. 'अल-हिलाल'मध्ये जशी सदरे होती तशीच इथेही आहेत. एका पत्रात चहाचा इतिहास, दुसऱ्यात क्रुसेडची युद्धे, तिसऱ्यात बागेतील फुले, चौथ्यात 'मी'पणाची मीमांसा. नगरचा इतिहासही आहे. मलिक अहमदने वसवलेले शहर, १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांशी झुंजलेली चांदबीबी, १८०३ मध्ये वेलस्लीने घेतलेला किल्ला. तुरुंगाचा गोरा अधीक्षक होता. मौलानांनी त्याला नाव दिले 'चीताखान'. चांदबीबीच्या काळातील हबशी किल्लेदाराचे हे नाव. नगरच्या इतिहासातून काढलेली ही कोपरखळी नगरच्या माणसाला अधिक भावते.

चिमण्यांची कहाणी तर आमच्या सातवीच्या वर्गाची आवडती आहे. खोलीत चिमण्यांनी घरटी केली, मौलानांनी त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली, हार खाल्ली आणि मग तांदळाचे दाणे टाकून दोस्ती केली. त्यांना नावे दिली. एक मुल्ला, एक कलंदर, एक मोती. मुले हसतात. नंतर आम्ही त्यांना सांगतो की हे जिथे घडले ती खोली आपल्याच गावात आहे, तेव्हा वर्ग एकदम शांत होतो. या पत्रांची भाषा 'अल-हिलाल'पेक्षा कितीतरी मोकळी आहे. फारसी शेर पानोपानी आहेत हे खरे, पण मिंबरावरून उतरून माणूस चटईवर येऊन बसला आहे.

एप्रिल १९४३ चे पत्र मात्र वर्गात वाचून दाखवणे आम्हाला जमलेले नाही. कलकत्त्यात जुलैखा बेगम आजारी होत्या. प्रकृती बिघडल्याची तार आली. मौलानांना सरकारकडे काही विनंती करायची असेल तर आपण ती पुढे पाठवू, असे अधीक्षकाने सुचवले. मौलानांनी नकार दिला. सहकाऱ्यांनी समजावले असेल, तरी ते बधले नाहीत. ९ एप्रिलला बेगमसाहिबांचे निधन झाले. दोन दिवसांनी लिहिलेल्या पत्रात मौलाना आपला दिनक्रम जराही बदलू न देण्याची धडपड सांगतात. जेवणाच्या वेळी जेवायला जाणे, वेळेवर चहा. आणि ती धडपड किती महाग पडली तेही लपवत नाहीत. आम्ही भाषेच्या तासाला मुलांना अर्जलेखन शिकवतो; मायना, विषय, आपला आज्ञाधारक. एक अर्ज न लिहिल्याची गोष्ट त्यात कुठे बसवायची? मौलानांचा हा निर्णय बरोबर होता असे आम्हाला आजही ठामपणे म्हणवत नाही. मृत्युशय्येवरच्या बाईचाही काही हक्क होता. पण तो कागद वाचल्याशिवाय हा प्रश्नसुद्धा पडत नाही. काही महिन्यांतच भोपाळला त्यांची बहीण आबरू बेगम हीही वारली.

स्वातंत्र्यानंतर मौलाना १९४७ पासून मृत्यूपर्यंत शिक्षणमंत्री होते. खरगपूरची आयआयटी, विद्यापीठ अनुदान आयोग, साहित्य अकादमी, संगीत नाटक अकादमी, ललित कला अकादमी हे सगळे या काळातले. मुदलियार यांच्या माध्यमिक शिक्षण आयोगाचा अहवाल बी. एड. करणाऱ्याला परीक्षेसाठी पाठ करावा लागतो. तो आयोग १९५२ मध्ये नेमला तेव्हाचे मंत्री हेच, हे मात्र अभ्यासक्रमात कुणी सांगत नाही. त्यांची स्वतःची पुस्तके दिल्लीत भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या ग्रंथालयात आहेत. २२ फेब्रुवारी १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. हुमायून कबीर यांना सांगून लिहवलेले इंग्रजी आत्मकथन १९५९ मध्ये आले, पण त्यातील सुमारे तीस पाने मौलानांच्या इच्छेनुसार मोहोरबंद करून कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात व दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवली होती. तीस वर्षांनी, १९८८ मध्ये कोर्टकचेरीनंतर ती उघडली. लोकांना वाटले होते की काही स्फोट होईल. तसे फारसे काही निघाले नाही. सहकाऱ्यांविषयी थोडी अधिक सडेतोड मते, एवढेच. पण सरकारने ज्याचे कागद दोनदा उचलून नेले त्याने शेवटी आपले कागद विश्वासाने सरकारी कुलपातच ठेवले, ही गोष्ट आम्हाला त्या तीस पानांहून मोठी वाटते. आता सरकार आपले होते.

आमच्या घरांतील कुलपांचे काय? नगरच्या मोहल्ल्यांत आजही एखाद्या माळ्यावर उर्दू नियतकालिकांचे गठ्ठे सापडतात. आजोबांची पत्रे, एखाद्या मरहूम मास्तरांच्या वह्या, मुशायऱ्याचे कागद. नातवंडे मराठी किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेली. त्यांना लिपी वाचता येत नाही. कागदावर अरबी अक्षरे दिसतात म्हणून बेअदबी होऊ नये या भावनेने काही जण ते विहिरीत किंवा नदीत सोडतात, काही रद्दीत घालतात. सासऱ्यांचे असे दोन गठ्ठे एका घरातून आम्ही उचलून आणले, तेव्हा त्यात कुरआनची आयत म्हणून जपलेला कागद किराणा दुकानाची १९५० च्या दशकातली उधारीची यादी निघाला! ती यादीही आम्ही ठेवली आहे. कोणत्या घराने किती साखर नेली यावरून मोहल्ल्याचा इतिहास लिहिता येतो. मराठी वाचणाऱ्या आपल्या पिढीने उर्दू शिकावी की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न; पण फेकण्याआधी एखाद्या वाचणाऱ्याला दाखवायला काय हरकत आहे? उर्दू शाळेचा मास्तर प्रत्येक तालुक्यात आहे.

'गुबारे खातिर'मधील किल्ल्यातले शेवटचे पत्र सप्टेंबर १९४३ चे आहे. विषय संगीत. तरुणपणी मौलाना सतार शिकले होते, त्याची हकिकत त्यात येते. त्यानंतर एप्रिल १९४५ पर्यंत, म्हणजे बंगालमधील बांकुऱ्याला हलवेपर्यंत, ते याच किल्ल्यात होते. त्या दीड वर्षाचे एकही पत्र पुस्तकात नाही. जून १९४५ मध्ये सुटका झाल्यावर सिमल्याची परिषद, मग काश्मीर. तिथून त्यांनी शेरवानींना पुन्हा लिहिले, या वेळी टपालाने. शेरवानी १९५० मध्ये गेले. हबीबगंजचा त्यांचा हस्तलिखितांचा संग्रह आज अलिगढ विद्यापीठात आहे, आणि ज्या इमारतीत तो ठेवला आहे तिचे नाव मौलाना आझाद ग्रंथालय.